मदत हवी आहे: बाबांना युरोपातल्या लायब्ऱ्या दाखवायच्यात

नमस्कार मंडळी, बाबा 34 वर्षं लायब्ररीत नोकरी करून रिटायर झाले, अजूनही पुस्तक हातात घेतलं की आधी बाइंडिंगवरून अंगठा फिरवून बघतात शिलाई सैल झालीये का. आम्ही दादरला राहतो, लहानपणी रविवारी ते मला मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीला न्यायचे, त्या 30 पायऱ्या चढताना बाहेरून तरी बघून घे म्हणायचे. आता मे महिन्यात त्यांना 12 दिवस युरोपला न्यायचं ठरवलंय, फक्त लायब्ऱ्या बघायला.

सगळ्यात जास्त ओढ पोर्तुगालच्या कोइंब्राची. तिथल्या 18व्या शतकातल्या जोआनिना लायब्ररीत वटवाघळं राहतात, रात्री पुस्तकं खाणारे किडे तीच खातात आणि टेबलं खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर रोज चामडं अंथरतात. हे ऐकल्यापासून बाबा दुसरं काही बोलतच नाहीत! दुसरं स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन, जिथे लाकडी फरशीसाठी बुटांवर फेल्टच्या सपाता घालाव्या लागतात, आणि जमलं तर ऑस्ट्रियातलं आडमोंट.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची लायब्ररी मी जवळजवळ सोडलीये, कारण आयर्लंडला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) चालत नाही आणि तिथल्या लाँग रूम या जुन्या दालनातली पुस्तकं डागडुजीसाठी काढलीयेत. तरी जावं का?

कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, कोइंब्राला तिकीट किती आधी काढावं? व्हिएन्नाहून आडमोंट एका दिवसात होतं का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने कुठे जास्त आहेत तेही सांगा.