पहिला गुन्हा म्हणजे कोरी पाटी नव्हे
कुणी कुणी म्हणतं, पहिलाच गुन्हा असला की रेकॉर्ड राहत नाही. तसं नाही हो. इथे इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या मुलाला मारामारीत दोषी ठरवून कोर्टाने 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे तुरुंगाऐवजी नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडलं. वय वीस. जामीनदार म्हणून सही करताना आईचा हात इतका थरथरला की शाई फाकली. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी, म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलं ही गोष्ट, पुसली जात नाही. म्हणून नोकरीच्या फॉर्मात विचारलं तर लपवू नका, हात जोडून सांगते! लपवल्याच्या कारणावरूनही नोकरी जाऊ शकते. निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवा. त्याच्या आईने ती देव्हाऱ्यामागे ठेवलीय.