मदत हवी आहे: जर्सी कुणाच्या नावाची घेऊ? (शनिवारच्या आत सांगा)

भाकरवडी_३१२ | २७ जुलै २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लेकीचा शनिवारी वाढदिवस आहे. दरवर्षी तिला पाठीवर नाव असलेली जर्सीच लागते. आत्तापर्यंत तीन घेतल्या, तिन्ही वाया. अँडरसनची घेतली, तो पंधरा महिन्यांनी गेला. मग सीझची, तो सात महिन्यांत. गेल्या ऑगस्टमध्ये क्रोशेची घेतली, तो डिसेंबरात. या हिशोबाने यंदाची दुकानाच्या पार्किंगपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

कन्या म्हणते, "बाबा, तू कुणाची घेऊच नकोस, तू घेतलीस की ते त्याला विकतात." सॉफ्टबॉलच्या मैदानावर हे ऐकून बाकीची पोरंही हसतात.

तर असा एक खेळाडू सांगा जो किमान दोन वर्षं हलणार नाही. गुरुवारी डेडलाइन आहे म्हणून घाई. क्रिकेटवाल्यांनी कृपया लांब राहावे.

तिसरा_अंपायर | रात्री ९.२२

कोणती टीम? कोणता खेळ? कसली डेडलाइन?

भाकरवडी_३१२ | रात्री ९.२५

सॉक्स हो, बेसबॉलची टीम. अजून कोण? डेडलाइन म्हणजे टीमनी आपसात खेळाडू बदलायची यंदाची शेवटची तारीख.

बॉस्टनची_वहिनी | रात्री ९.३१

सॉक्स दोन आहेत भाऊ, लाल आणि पांढरे. क्रोशे आमच्याकडेच आलाय आणि मजेत आहे. एप्रिलमध्ये सहा वर्षांचा करार झाला, १७ कोटी डॉलरचा. तुमच्या मुलीची जर्सी वाया कुठे गेली? फक्त रंग चुकलाय.

भाकरवडी_३१२ | रात्री ९.३३

पांढरे. शिकागो. आयडीत ३१२, शिकागोचा फोन कोड, काय उगाच लावलाय? आणि वहिनी, जखमेवर मीठ चोळू नका.

लोकरवेडी | रात्री ९.४८

क्रोशाची जर्सी वाया गेली म्हणजे नक्की काय झालं? उसवली की आटली? सुती दोरा असेल तर कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलवर आडवी पसरून सावलीत वाळवा. हँगरला लावलीत तर खांदे ओघळतात. नाव विणायचं असेल तर आलेख कागदावर आधी नमुना काढून घ्या. दहा अक्षरांच्या वर जाऊ नका.

भाकरवडी_३१२ | रात्री ९.५१

ताई, क्रोशे हे माणसाचं आडनाव आहे. गॅरेट क्रोशे. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

लोकरवेडी | रात्री ९.५३

बरं. तरी सावलीतच वाळवा.

हिशोबी_कुलकर्णी | रात्री १०.२०

मूळ प्रश्नावर येतो. करार वाचायला शिका, मग फसणार नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सेवेची सहा वर्षं भरल्याशिवाय खेळाडू स्वतःहून कुठेही जाऊ शकत नाही. सीझन साधारण १८६-१८७ दिवसांचा, त्यातले १७२ दिवस वर (मेजर लीगच्या टीममध्ये) असलात की एक वर्ष धरतात. पहिली तीनेक वर्षं क्लब देईल तो पगार (किमान आकडा यंदा ७,६०,००० डॉलर), पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन, म्हणजे दोघांनी आपापला आकडा सांगायचा आणि लवादाने त्यातला एक निवडायचा. आता कोल्सन माँटगोमेरी बघा. ४ जुलैला वर आला. यंदा त्याचे १७२ दिवस भरूच शकत नाहीत, म्हणजे तो २०३१ पर्यंत शिकागोच्या ताब्यात. सहा वर्षं निर्धास्त. घ्या माँटगोमेरी, विषय संपला.

साउथसाइड_सावंत | रात्री १०.३४

कुलकर्णी, विषय संपला नाही, सुरू झालाय. ताबा म्हणजे मुक्काम नव्हे. सीझ गेला तेव्हा त्याची दोन वर्षं बाकी होती. क्रोशेचीही दोन. बाकी होती *म्हणूनच* गेले! हरणाऱ्या टीमकडे विकायला दुसरं असतं काय? स्वस्तातला, चांगला आणि वर्षं शिल्लक असलेला खेळाडू हाच तर माल. तुम्ही सांगताय तो टिकण्याचा नियम नाही, विकला जाण्याचा आहे.

मी १९९८ पासून या टीमचा आहे. गेल्या वर्षी १२१ हरले, सलग २१ हरले, तेही पाहिलं. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम आपल्या लोकांनी मोडला. घरी बायको विचारायची, "आज काय झालं?" मी टीव्ही बंद करायचो, तेच उत्तर.

हिशोबी_कुलकर्णी | रात्री १०.४०

आकड्यांवर बोला, भावनेवर नको.

साउथसाइड_सावंत | रात्री १०.४४

१२१ हा आकडाच आहे.

पेठेतला_पाहुणा | २८ जुलै, सकाळी ८.०५

क्रिकेटवाल्यांनी लांब राहा म्हटलंय, तरी येतो. तुमची मुलगी भाग्यवान, निदान टीम तरी जागेवर आहे. मी २०१६ ला धोनी पुण्याकडून खेळणार म्हणून जांभळी जर्सी घेतली. दोन वर्षांत धोनी चेन्नईला परत, आणि टीमच नाहीशी! त्याआधी वॉरियर्स होते, तेही तीन सीझनमध्ये आटोपले. ती जांभळी जर्सी आमच्याकडे आता पंखे पुसायला आहे. कापड मात्र उत्तम, धूळ छान धरतं.

बे_एरियाकर | सकाळी ८.३०

टीम नाहीशी होण्याबद्दल आम्हाला सांगू नका. ऑकलंडचे ए'ज गेल्या सप्टेंबरात शेवटची घरची मॅच खेळले, आता सॅक्रामेंटोत पाहुणे म्हणून राहतात आणि पुढे लास वेगासला जाणार. आता कुणी जर्सी मागितली तर कोणत्या गावाची घेऊ?

एलए_देशपांडे | सकाळी ९.१५

सगळे रडताय कशाला? डॉजर्सकडे या. ओतानी घ्या, १७ नंबर. १० वर्षांचा करार, ७० कोटी डॉलर. हलणार नाही. बरं, त्यातले वर्षाला फक्त २० लाख आत्ता घेतो, बाकीचे ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये. याला म्हणतात टीमवर प्रेम.

साउथसाइड_सावंत | सकाळी ९.२२

प्रेम? बिनव्याजी उधारी आहे ती. त्या मोकळ्या झालेल्या पैशात तुम्ही आणखी चार माणसं घेता. मग म्हणता आम्ही हुशार.

डॉलरबाई | सकाळी ९.४०

उधारीचा विषय निघालाच आहे म्हणून. बॉबी बोनियाला मेट्सकडून दर १ जुलैला जवळपास १२ लाख डॉलर मिळतात, २०११ पासून २०३५ पर्यंत. त्याचे ५९ लाख देणं बाकी होतं, ते तेव्हाच न देता ८ टक्के व्याजाने लांबवलं. शेवटची मॅच २००१ मध्ये खेळला! आमच्या सासूबाईंची पोस्टातली मासिक योजना आणि हे, तत्त्व एकच. फक्त तिला पासबुक भरायला रांगेत उभं राहावं लागतं.

एलए_देशपांडे | सकाळी ९.४६

बोनिया आणि ओतानी एक नाहीत. बोनियाला व्याज आहे, ओतानीला नाही.

डॉलरबाई | सकाळी ९.४८

तेच म्हणतेय, बोनियाचा एजंट जास्त हुशार होता.

भाकरवडी_३१२ | सकाळी ११.३०

अहो माझी जर्सी!! डॉजर्सची घेणार नाही, पोरगी घराबाहेर काढेल. पांढरे सॉक्स, जिवंत, खेळत असलेला, दोन वर्षं. बस.

नेपरविलचे_आजोबा | दुपारी १२.१०

जिवंतची अट का? निवृत्त माणसाला कुणी विकत नाही. मार्क ब्युहर्ले घ्या, ५६ नंबर. २३ जुलै २००९ ला परफेक्ट गेम टाकला, सत्तावीसच्या सत्तावीस बाद, एकही बेसवर पोचला नाही. किंवा कोनेर्को, १४.

जाता जाता: १९७५ पूर्वी खेळाडूला जाताच येत नसे. वर्ष संपलं तरी क्लब कराराचं नूतनीकरण परस्पर करायचा, जन्मभर. कर्ट फ्लड नावाचा खेळाडू त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. पुढे मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने लवादाने निर्णय दिला तेव्हा दार उघडलं. तुम्हाला आज खेळाडू "जातो" म्हणून राग येतो. त्या काळी तो जाऊ शकत नव्हता, पण क्लब त्याला पाठवू शकत होता.

भाकरवडी_३१२ | दुपारी १२.२५

आजोबा, ब्युहर्लेचं मलाही पटतं. पण तिला ज्याला हाक मारता येईल असा हवाय. डगआउटजवळ (खेळाडू बसतात तिथे) उभं राहून ओरडायचं असतं तिला.

साउथसाइड_सावंत | दुपारी १२.५०

मग सरळ उत्तर ऐका, कडू आहे. ज्याला कुणी घेत नाही तोच टिकतो. बेनिनटेंडी. पाच वर्षं, साडेसात कोटी डॉलर, २०२७ पर्यंत. या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार हाच! बाकीच्या टीम तीस-चाळीस कोटींचे करार करतात, आपल्या मालकांनी दहा कोटींचा आकडा कधी ओलांडलेला नाही. एवढ्या पैशात बेनिनटेंडीला उचलायला कुणी येणार नाही. २०२७ पर्यंत जर्सी घाला, तोवर ती तिला तोकडी होईल.

हिशोबी_कुलकर्णी | दुपारी १.०५

पगाराचा अर्धा वाटा उचलून टीम असे खेळाडू खपवतात, हे सावंतांना माहीत नसावं.

साउथसाइड_सावंत | दुपारी १.०८

आपले मालक? वाटा उचलणार? कुलकर्णी, तुम्ही कोणत्या टीमचे?

हिशोबी_कुलकर्णी | दुपारी १.१५

मी कुठल्याच टीमचा नाही. मी आकडे बघतो.

तिसरा_अंपायर | दुपारी १.३०

मी तर कालपासून फक्त वाचतोय, पण लुईस रॉबर्टचं काय? सगळीकडे त्याचंच नाव दिसतंय.

साउथसाइड_सावंत | दुपारी १.४२

८८ नंबर. पोटात गोळा येतो त्याचं नाव काढलं की. पदार्पणाआधीच २०२० मध्ये सहा वर्षं, ५ कोटींचा करार. २०२३ ला ३८ होमरन. मग दुखापती. आता पुढची दोन वर्षं क्लबच्या मर्जीवर, दरवर्षी २ कोटी. गुरुवारी जाईल म्हणतात. त्याची घेतलीत तर नक्की जाईल, म्हणून कृपा करून घेऊ नका.

बॉस्टनची_वहिनी | दुपारी २.२०

एक विचारू का? मुलगी स्वतः काय खेळते? तुम्ही सॉफ्टबॉलचं मैदान म्हणालात.

भाकरवडी_३१२ | दुपारी २.३१

कॅचर आहे, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलते. तीन वर्षं झाली. का?

बॉस्टनची_वहिनी | दुपारी २.३३

अहो!! हे पहिल्या वाक्यात सांगायला काय झालं होतं? काइल टील! कॅचर आहे, ८ नंबर. आमच्याकडचा पोरगा, क्रोशेच्या बदल्यात आम्ही चौघे दिले त्यातला एक. ६ जूनला वर आला. तुमच्या मुलीची जर्सी ज्याने नेली त्याची भरपाई म्हणून आलाय तो. मला अजून वाईट वाटतं त्याला दिल्याचं.

साउथसाइड_सावंत | दुपारी २.४०

वहिनींचं पहिलं वाक्य जे मला पटलं.

हिशोबी_कुलकर्णी | दुपारी २.४४

टीलही २०३१ पर्यंत ताब्यात. मी हेच म्हणत होतो.

साउथसाइड_सावंत | दुपारी २.४५

तुम्ही माँटगोमेरी म्हणत होता.

नेपरविलचे_आजोबा | दुपारी ३.००

कॅचर असेल तर उत्तमच. कॅचरची जर्सी मळते, मुलीचीही मळेल. लोकरवेडी ताईंची सूचना जपून ठेवा.

भाकरवडी_३१२ | २ ऑगस्ट, रात्री ८.५०

घेतली. टील, ८. डेडलाइन उलटल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी. तिच्या मापाची एकच उरली होती, मागच्या हँगरला. सकाळी उघडली तर आधी पाठ बघितली, मग मला विचारलं, "हा विकला नाहीये ना?" फोनवर बातम्या दाखवल्या तेव्हा घातली. आता घालूनच झोपलीय, मास्क उशाशी.

रॉबर्ट गेला नाही, आपल्याकडेच आहे. मी त्याची घेतली नाही म्हणून, असं सावंत म्हणतील.

सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

साउथसाइड_सावंत | रात्री ९.०५

म्हणणारच होतो. अभिनंदन. वाढदिवसाच्या शुभेच्छा कन्येला.

तिसरा_अंपायर | रात्री ९.२०

बंद करण्याआधी एक बारकी शंका. आज मॅच लावली होती. तो ७ नंबरवाला क्वेरो, तोही कॅचरच आहे ना? तोही तरुण, तोही स्वस्त. दोन-दोन कॅचर कशाला ठेवतील?

भाकरवडी_३१२ | रात्री ९.२२

हे आता सांगताय?

लोकरवेडी | रात्री ९.४०

पावती जपून ठेवली आहे ना?