शब्दचर्चा : बोट लिफ्टवरचा ‘बंक’. टेकण, कडी की नुसती फळी?

टिपणकार
मावसभाऊ फ्लोरिडात केप कोरलला राहतो. घरामागे कालवा, कालव्यावर स्वतःचा धक्का आणि धक्क्याला होडी पाण्याबाहेर उचलून ठेवणारी बोट लिफ्ट. सध्या काका तिकडे राहायला गेलेत आणि लिफ्टचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलंय, म्हणून माहितीपत्रकाचं मराठी टिपण करून देतोय. चार खांबांमध्ये तारदोरांवर टांगलेला सांगाडा असतो. त्याच्या दोन आडव्या तुळयांवर होडीच्या लांबीत दोन लांब फळ्या असतात, होडी टेकते ती यांच्यावर. इंग्रजीत यांना बंक म्हणतात. मराठीत बंक म्हणजे कॉलेजचा तास बुडवणं! शब्दकोश ‘बोटीतली झोपायची फळी’ म्हणतो. तूर्त ‘आधारफळ्यांची स्थाननिश्चिती करावी’ असं लिहिलंय. काही बरं सुचतंय का?

रंधा
आधी ती ‘स्थाननिश्चिती’ हाकला. ‘फळ्या कुठे बसवायच्या’ एवढं पुरे. कामावरचा माणूस ‘दोन इंच आत घे’, ‘जरा बाहेर घे’ असंच बोलतो.
बंकला माझं मत ‘कडी’. जुन्या घरांचं कडीपाटाचं छत आठवा: खाली तुळई, तिच्यावर आडव्या छेदानं कड्या, कड्यांवर पाट. इथे पाटाच्या जागी होडी आली, बाकी रचना तीच.

वेंगुर्लेकर
कडी ऐकायला छान आहे, पण माझा आक्षेप ‘आधार’ला आहे.
आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात. होडी वाळूत किंवा ओंडक्यांवर बसते ती पठाणावर, म्हणजे कण्याच्या लाकडावर. कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना टेकू देतात. सुक्या गोदीत मोठी जहाजंही अशीच, मुख्य भार कण्याखालच्या ठोकळ्यांवर. म्हणजे कोकणातल्या माणसाला होडीचा ‘आधार’ म्हटलं की बाजूचे टेकू दिसणार. तुमच्या लिफ्टवर सगळं उलटं आहे, असं वर्णनावरून वाटतंय. वजन बाजूच्या फळ्यांवर आणि मधला कणा अधांतरी. बरोबर ना? काका आमच्या बाजूचे असतील तर ते पहिल्यांदा कणा तुळईवर टेकवायला बघतील.

टिपणकार
काका मालवणचे! तिकडच्या लिफ्टचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथे?

कालवाकाठ
आहे. वेंगुर्लेकर, अगदी बरोबर. फायबरच्या वेगवान होडीला वेगळा पठाण नसतो, बुडाची मधली धार असते, आणि ती तुळईला लागता कामा नये. म्हणून फळ्या ब्रॅकेटांवर पुरेशा उंच बसवतात.

शब्द ठरवण्याआधी फळी कुठे येते ते बघा. होडीच्या पोटात, बुडाला चिकटून, लांबीत जाणाऱ्या मजबूत कड्या असतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. फळी बरोबर त्यांच्या खाली यायला हवी. दोन स्ट्रिंगरांच्या मधे आली तर नुसत्या पातळ फायबरवर भार येतो आणि बूड आत दबतं. पंचाईत अशी की स्ट्रिंगर बाहेरून दिसत नाहीत. बांधणाऱ्याचा आराखडा मागवायचा, किंवा होडी रस्त्यानं न्यायच्या ट्रेलरवरच्या फळ्या नीट बसवलेल्या असतील तर होडीच्या मधल्या रेषेपासूनचं त्यांचं अंतर मोजून तेच इथे घ्यायचं. बुडाला बाहेरून उठलेल्या लांब कडा असतात, त्यांच्यावर फळी नको. खोली मोजणारा सेन्सर आणि पाणी आत घ्यायची भोकंही टाळायची.

मग पुढे-मागे. सगळं जड सामान पिछाडीला असतं. तीनशे अश्वशक्तीचं एक आउटबोर्ड इंजिनच अडीचशे किलोच्या आसपास भरतं. त्यामुळे होडी लांबीच्या मध्यावर तोलून चालत नाही, दोन्ही तुळयांवर भार साधारण सारखा यावा अशी पुढे-मागे घ्यावी लागते. फळीचं मागचं टोक होडीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायलाच हवं. पिछाडी फळीबाहेर लोंबत राहिली तर काही महिन्यांत बुडाला मागे खोलगट बाक येतो. मग होडी पाण्यावर नीट उचलली जात नाही, नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबते, वेगही पडतो. हा बाक काढणं महाग काम आहे.

पहिल्यांदा उचलताना फळ्यांवर वजन येईपर्यंतच उचला, थांबा, बघा, चुकलं असेल तर पुन्हा उतरवा. पिछाडी किंचित खाली ठेवून बुडाचं बूच काढून ठेवा. इथला पाऊस काकांना ओळखीचा वाटेल. होडीत हजार लिटर साचलं तर लिफ्टवर एक टन वाढला.

शब्द मात्र तुम्ही ठरवा. आम्ही बंकच म्हणतो.

रंधा
मग कडी मी मागे घेतो. होडीच्या आतही लांबीतली एक कडी आहे म्हटल्यावर ‘कडी कडीखाली घ्या’ असं वाक्य होईल.

वेंगुर्लेकर
घडवंची? हंडे, पोती ठेवायची ती. भार वाहते हा अर्थ तिच्यात पक्का आहे.

रंधा
घडवंची म्हणजे चारी पायांसकट सगळं आलं. एका फळीला तो शब्द कसा चालेल? अख्ख्या सांगाड्याला लावा हवं तर, पण त्याला ‘पाळणा’ बरा, मूळ नावही तेच आहे आणि तो टांगलेलाही असतो. फळीला ‘टेकण’. वस्तू ज्यावर टेकते ते टेकण. टेकू बाजूनं देतात, टेकण खाली असतं.

टिपणकार
‘टेकणफळी’ केलं तर? नुसतं टेकण ऐकून काकांना उशी आठवायची. होडी आत येताना सरळ राहावी म्हणून बाजूला उभे पाइप असतात, त्यांना ‘वाटदांडे’. त्यांच्यावर भार घ्यायचा नाही, तेव्हा ‘आधार’ हा शब्द तिथेही नको.

मसुदा: “टेकणफळ्या पाळण्याच्या तुळयांवर, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, होडीच्या आतल्या स्ट्रिंगरांखाली येतील अशा बसवा. बुडाची मधली धार तुळईला टेकू देऊ नका. फळीचं मागचं टोक मागच्या भिंतीपर्यंत घ्या. होडी टेकवून बघितल्यावरच बोल्ट पक्के आवळा. फळ्या प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या, वर कार्पेट ठोकलेलं.”

कालवाकाठ
शेवटचं वाक्य होडी बघून लिहा. फायबरची असेल तर ठीक. अॅल्युमिनियमची असेल तर तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड आणि ओलं कार्पेट मिळून पत्रा खातात. कोणती आहे?

टिपणकार
विचारतो. तिकडे आता रात्र आहे.