अनुभव धागा: असेम्बल्ड पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन्स कुठलं घेतलंत?

प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. विंडोजचा विषय मात्र दुकानदाराच्या ‘ते मी टाकून देतो’वर मिटतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट) संपल्यापासून बऱ्याच घरांत नवी मशीन जुळवली जातेय, म्हणून विचारतोय. ओईएम (नव्या मशीनसोबत मिळणारं विंडोजचं लायसन्स), रिटेल (वेगळं विकत घ्यायचं लायसन्स) की लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम)? काय घेतलं, का घेतलं, पुढे काय झालं ते सविस्तर लिहा. फुकटात ॲक्टिव्हेट करायच्या युक्त्या इथे नकोत.

ठाणे, व्हिडिओ एडिटिंग

रिटेल घेतलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. ओईएम लायसन्स पहिल्या मदरबोर्डशी, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाशी, बांधलेलं असतं. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड खुशाल बदला. हौसेने बोर्ड बदललात की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा संगणक. रिटेल एका वेळी एकाच मशीनवर चालतं, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं. माझ्या कामात बोर्ड बदलावाच लागतो. इंटेलच्या प्रोसेसरवरून रायझेनवर जाताना लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं होतं. नव्या बोर्डावर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर उघडून ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडला आणि काम झालं. अकाउंटला जोडायचं काम बोर्ड काढायच्या आधी करा, हे मी प्रत्येकाला बजावते.

पुणे

आमच्या दुकानदाराने विंडोज प्रो अगदी किरकोळ पैशांत दिलं होतं, बिलात त्याचा उल्लेखच नाही. काही महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ उमटलं. ऑफिसातल्या मित्राने कमांड प्रॉम्प्टवर ‘slmgr /dli’ चालवून दाखवलं. विंडोजची की (ॲक्टिव्हेट करायचा क्रमांक) ‘व्हॉल्यूम’ची निघाली, म्हणजे कुठल्या तरी संस्थेला तिच्या स्वतःच्या संगणकांसाठी दिलेली. ती सुटी विकायचा हक्कच कुणाला नसतो. मशीन घरी आली की पहिल्याच दिवशी ही कमांड चालवा. आणि पक्क्या बिलावर विंडोजची वेगळी ओळ मागून घ्या, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

कोल्हापूर, करसल्लागार

मी ओईएमच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे टॅली चालतं, बोर्ड मरेपर्यंत मशीन चालते, मग रिटेलचे जास्तीचे पैसे कशाला? ओईएममध्ये तांत्रिक मदत मशीन जुळवणाऱ्याने द्यायची असते, म्हणून दुकान भरवशाचं हवं. माझ्या मते खरा प्रश्न विंडोजची होम आवृत्ती घ्यायची की प्रो हा आहे. घरून ऑफिसच्या संगणकात रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असेल तर ऑफिसच्या संगणकावर प्रो लागतं, होमवर ती सोय नाही. अशिलांची कागदपत्रं असल्यामुळे बिटलॉकरही (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) हवं होतं. घरच्या मुलांच्या पीसीवर मात्र होमच आहे.

सातारा

जुन्या विंडोज ७च्या कीवर नवं विंडोज बसायचं, ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. कपाटातल्या डबीवर विसंबून बजेट आखू नका.

म्युनिक

इथे वापरलेलं लायसन्स विकत घेणं कायदेशीर आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०००मध्येच ओईएम विंडोज मशीनशिवाय विकायला वाट करून दिली. पुढे ३ जुलै २०१२ला युरोपीय न्यायालयाने डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही पुढे विकता येतं असं ठरवलं. अट अशी, की आधीच्या मालकाने आपली प्रत वापरातून काढायची, आणि अनेक जणांसाठी घेतलेल्या लायसन्सचे तुकडे करून विकायचे नाहीत. हा युरोपातला कायदा आहे, तो भारतात लागू समजून कुणी स्वस्त की घेऊ नये.

नाशिक, शिक्षिका

आमच्याकडे लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक प्रकार. पैसे वाचले हे खरं, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की जीपीएल या मुक्तपणे वाटू देणाऱ्या परवान्यामुळे तीच पेन ड्राइव्ह घेऊन विद्यार्थ्यांच्या संगणकांवरही उजळ माथ्याने मिंट बसवता येतं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डने लिहिते, प्रश्नपत्रिका लिब्रे ऑफिसात होतात. वर्डच्या फायलींची मांडणी कधीकधी सरकते, म्हणून बाहेर पाठवताना पीडीएफ करते. मुलाचा व्हॅलोरंट हा गेम लिनक्सवर चालत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या एसएसडीवर रिटेल विंडोज होम घेतलं.

पुणे

कोल्हापूरकर, वॉरंटीत बोर्ड जळाला तर ओईएम गेलंच का?

कोल्हापूर, करसल्लागार

नाही. बिघाडामुळे बोर्ड बदलला तर तेच लायसन्स वापरता येतं. आपोआप ॲक्टिव्हेट झालं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राला बोर्ड बिघडल्याचं सांगा. बदलीचा कागद हाताशी ठेवा.