निम्मे गोरेच मेले, मग वंशभेद कुठला?

चौकस: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, '१९७६नंतर अमेरिकेत मृत्युदंड दिलेल्यांत निम्म्याहून जास्त गोरे, म्हणजे वंशभेदाची ओरड खोटी.' आकडा खरा, हिशेब चुकीचा. आरोपीचा रंग काय मोजताय? ज्याचा खून झाला त्याचा मोजा! बाल्डस या संशोधकाने अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले २०००हून जास्त खटले २३० घटक लावून तपासले. बळी गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट.

फौजदार: शक्यता नव्हे हो, 'ऑड्स', म्हणजे होण्याचं न होण्याशी गुणोत्तर. ९० टक्क्यांच्या ४.३ पट करा पाहू! ऑड्सने (९:१चे ३८.७:१) ९०चे जेमतेम ९७ होतात. अत्यंत क्रूर खुनात रंगाने फरक पडत नाही, मधल्या खटल्यांत पडतो. १९८७मध्ये हाच अभ्यास घेऊन सुप्रीम कोर्टात गेलेला जॉर्जियाचा काळा कैदी मॅक्क्लेस्की ५-४ने हरला तोही यावरच, की सरासरीवरून याच्याच खटल्यात भेदभाव झाला हे सिद्ध होत नाही.

चौकस: ऑड्स तर ऑड्स, घ्या. पण मृत्युदंड मागायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. आरोपी काळा, बळी गोरा: ७० टक्के खटल्यांत मागितला. दोघेही काळे: १५. आणि मॅक्क्लेस्कीविरुद्ध ते पाचवे मत देणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले, मत बदललं असतं. तोवर उशीर झाला होता.

बारामतीकर: रोगाचं मूळ ज्यूरी. आपण नानावटीनंतर शहाणे झालो. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदल अधिकारी, आणि ज्यूरी ८-१ने निर्दोष म्हणे!

फौजदार: आला नानावटी! त्यानंतरही आपल्याकडे ज्यूरी काही ठिकाणी चालू होती, उरलीसुरली १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गेली. आणि ज्यूरीत बसू कोण देतं ते बघा. जॉर्जियातला काळा आरोपी फॉस्टर, त्याच्या खटल्यात सरकारी वकिलांच्या ज्यूरी-उमेदवारांच्या यादीत काळ्यांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, पुढे 'बी', म्हणजे ब्लॅक. चौघेही वगळले. सुप्रीम कोर्टाच्या १९८६च्या बॅट्सन निकालाने काळ्या उमेदवाराला वगळताना रंग सोडून दुसरं कारण द्यावं लागतं, तर दिलं: ३४ वर्षांची बाई आरोपीच्या वयाच्या फार जवळची. आरोपी १९चा! हे सुप्रीम कोर्टाने खोडून काढायला २०१६ उजाडलं.

बारामतीकर: म्हणजे माझंच खरं. ज्यूरी काढा, न्यायाधीशाला ठरवू द्या.

चौकस: अलाबामात तेच होतं की! ज्यूरीने जन्मठेप सुचवली तरी न्यायाधीश मृत्युदंड देऊ शकत होता, २०१७पर्यंत. आणि तिथले न्यायाधीश निवडणूक लढवून येतात. प्रचारात काय सांगत असतील, दया दाखवली म्हणून?

बारामतीकर: बरं, अलाबामा तुमचं. नानावटीवर वेगळा धागा काढतो, तिथे या.