बावीचं पाणी आपणच मोजायचं की खाणीच्या रिपोर्टवर विसंबायचं?

कातळावरचा:
दोडामार्ग तालुक्यातला आमचा गाव, नाव लिहीत नाही कारण लगेच फोन येतात. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लोहखनिजाची खाण आहे, ती आता वाढणार आणि खड्डा पाण्याच्या पातळीखाली जाणार असं सुनावणीत सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की काम सुरू व्हायच्या आधी वर्षभर दहा-बारा बावी आणि दोन्ही व्हाळ (ओढे) आपणच मोजूया, दर महिन्याला, वहीत लिहून. कारण मंजुरीच्या अभ्यासाला एका हंगामाचे आकडे चालतात, तोही पावसाळा सोडून! आमच्याकडे ३००० मिलिमीटर पाऊस, व्हाळ लाल होतो जुलैत आणि बाटली भरतात फेब्रुवारीत. उद्या बाव आटली तर आधी पाणी कुठवर होतं ते कोण सांगणार, माझी आजी?

बापू_डंपरवाला:
झालं परत सुरू. कंपनी वर्षातून चार वेळा पाणी तपासते, उन्हाळ्यात, ऑगस्टात, नोव्हेंबरात आणि जानेवारीत, ते पण मान्यताप्राप्त लॅबकडून, आणि १ जून, १ डिसेंबरला सहामाही रिपोर्ट वर जातो. तुमच्या वहीला कोण विचारतो? वाडीत चौदा डंपर आहेत, त्यांचे हप्ते कोण भरणार, तुमची आजी?

कातळावरचा:
आजीला तुम्ही आणू नका, ती माझी आहे. रिपोर्ट जातो हे मान्य, पण कधी वाचलात? मी वाचला. व्हाळाचा नमुना खाणीच्या वरच्या अंगाचा, खाली जिथे आम्ही वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी घेतो तिथला एकही नाही.

कुळागरातली:
जलजीवनच्या पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग गावात पाच बायकांना दिलं त्यातली मी एक. खरं सांगू का, आमच्या वाडीत जीवाणूंच्या बाटलीतलं पाणी काळंभोर झालं, म्हणजे पाण्यात घाण निघाली, ते खाणीमुळे नाही, बावीपासून पंधरा हातांवर शोषखड्डा आहे म्हणून. त्यावर मीटिंग घ्या म्हटलं तर सगळे पुरुष गप्प. खाणीवर बोलायला मात्र देवळात जागा पुरत नाही. दुसरं म्हणजे ते किट रंग जुळवायचं असतं, संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात बघितलं तर आकडा वेगळाच लागतो. त्याच्यावर कंपनीशी भांडायला जाल तर हसं होईल.

पोचमार्गावरचा:
मूळ कुडाळचा, नोकरी विदर्भात मँगनीजच्या भूमिगत खाणीत, चिकला-गुमगावचा तो पट्टा. दोन्ही बाजू थोड्या चुकतायत म्हणून लिहितो. जमिनीखाली काम चालतं तिथे पाणी येतंच, ते संपमध्ये (तळाच्या खड्ड्यात) जमवून पंपाने रात्रंदिवस वर काढावं लागतं, आणि जेवढं काढाल तेवढी आजूबाजूची पातळी खाली ओढली जाते. खड्डा पातळीखाली गेला की तुमच्याकडेही तेच होणार. म्हणून आधी बघायची पातळी, रंग नंतर. आणि खाण बंद झाली, पंप थांबले, की पाणी परत चढतं आणि आतल्या उघड्या दगडावरचं सगळं धुऊन वर आणतं. म्हणजे खाण संपली म्हणून मोजमाप संपवायचं नसतं, उलट.
दगडात पायराईट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, पीएच घसरतो, धातू विरघळतात. तुमचं खनिज ऑक्साईडचं, तिथे ही भीती कमी, गाळाची जास्त. पण एक लक्षात घ्या, जांभ्यातलं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी. मानक ६.५ ते ८.५ चं, तुमच्या बावीत आजच ६ निघाला तर? उद्या तोच ६ दाखवून ओरडाल आणि कंपनी एका मिनिटात तुम्हाला खोटं पाडेल. आधीचे आकडे त्यासाठी हवेत.

चाकरमानी_दादर:
सगळं ऐकून घेतलं. पण मोजत बसलात म्हणजे खाण मान्यच केलीत ना! आपल्याच तालुक्यातल्या कळण्यात २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटून लाल चिखल गावात घुसला तेव्हा कुठली वही कामाला आली? सरळ विरोध करा.

बापू_डंपरवाला:
दादरात बसून विरोध सोपा असतो. गणपतीला पाच दिवस येता, तेव्हा बाव भरलेलीच असते.

कुळागरातली:
बापूंशी माझं जमत नाही, पण हे बरोबर बोलले.

कातळावरचा:
दादा, वही फुटणारा बांध अडवत नाही, कबूल. पण आमचा झरा फुटतो तो जांभ्याखालच्या शेडीवर, म्हणजे चिकणमातीच्या थरावर, पाणी अडतं म्हणून. ती शेडी खड्ड्यात कापली गेली तर झरा कुठल्या तारखेला बारीक झाला ते माझ्याकडे लिहिलेलं हवं. कुडाळवाले, करायचं कसं ते सांगा.

पोचमार्गावरचा:
बावीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा, कायम तिथूनच टेप सोडायची, टोकाला वजन बांधून. सकाळी पंप लावायच्या आधी. पीएच आणि टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांची) पेनं स्वस्तात मिळतात, पण पीएचचं पेन दर वेळी बफरमध्ये, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवून तपासून घ्यायचं, नाहीतर ते मनाला येईल ते सांगतं. लोह-मँगनीजसाठी वर्षातून दोनदा लॅबला पाठवा, बाटलीत आम्ल घालून, नाहीतर लोह तळाला बसतं आणि रिपोर्ट झकास येतो. व्हाळाचा नमुना पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांचा. आणि मोजताना कंपनीचाही माणूस बोलवा, त्याची सही घ्या.

बापू_डंपरवाला:
सही कोण देतोय!

कुळागरातली:
नाही दिली तर तसं लिहू. किट माझ्याकडे आहे, टेप लागेल. येत्या रविवारी सहाला. शोषखड्ड्याजवळची बावही यादीत घ्यायची ही माझी अट. बापू, तुमची बाव सगळ्यात खालच्या अंगाला, ती तर लागणारच.

बापू_डंपरवाला:
विचारून सांगतो. बाव आईच्या नावावर आहे.