होल्स्टचं खरं काम ‘सावित्री’, ‘द प्लॅनेट्स’ नव्हे

खर्ज:
वटपौर्णिमा आली की मला एक इंग्रज संगीतकार आठवतो, गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४). जगाला त्याचं ‘द प्लॅनेट्स’ माहीत, सात ग्रहांवरची सात भागांची वाद्यवृंदरचना. मला विचाराल तर अर्ध्या तासाचा ‘सावित्री’ हा ऑपेरा त्याहून मोठा. १९०८-०९मध्ये लिहिला, लंडनला पहिला प्रयोग १९१६मध्ये. पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान, मृत्यू. वादक डझनभर. सुरुवातीला एकही वाद्य नाही. मृत्यू एकटाच गात येतो, मग सावित्रीचा आवाज त्यात शिरतो, पण वेगळ्याच सुरावटीत! अंगावर काटा येतो. त्यापुढे ते सात ग्रह म्हणजे दिवाळीची आतषबाजी.

पायपेटी:
आतषबाजी? ‘मंगळ’चा पाच मात्रांचा ठेका ऐकून झोपून दाखवा. ‘सावित्री’त बायकांचा कोरस पडद्याआडून निःशब्द गातो, बरोबर? ‘नेपच्यून’मध्येही तेच आहे, आणि तिथे शेवटी कोरसच्या खोलीचं दार हळूहळू लावतात. आवाज कधी संपला तेच कळत नाही. आता खरं सांगा, ‘सावित्री’त एक तरी राग आहे? नाव आपलं म्हणून प्रेम उतू चाललंय.

खर्ज:
राग नाही हेच उत्तम! उसनी सतार वाजवून त्याने भारत दाखवला नाही. आधी ‘सीता’ नावाचा भलामोठा ऑपेरा लिहिला होता, जर्मन ऑपेराकार वाग्नरच्या थाटाचा. त्याची पुढे त्यानेच टर उडवली. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं पसंत पडेनात तेव्हा लंडनला जाऊन संस्कृत शिकला आणि स्वतः भाषांतरं केली.

अनुष्टुभ:
शिकला म्हणजे शब्दकोश शेजारी ठेवून अर्थ लावण्याइतपत. माझी तक्रार वेगळी आहे. महाभारतातली सावित्री यमाशी बोलत बोलत चालते. सासऱ्यांची दृष्टी, राज्य, वडिलांना शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र असे एकेक वर पदरात पाडून घेते. बाई वकील आहे वकील! होल्स्टने हे सगळं एका वरात उरकलं: मला जीवन दे. मृत्यू देतो, मग ती म्हणते, सत्यवानाशिवाय कसलं जीवन? पेच तोच, पण वाटेतली मजा गेली.

टेम्सकाठी:
दोन्ही पक्षांनी वाद घालण्याआधी होल्स्टने कोरससाठी संगीतबद्ध केलेली ऋग्वेदाची सूक्तं ऐका. त्यांतला तिसरा संच फक्त बायकांचे आवाज आणि हार्प हे तंतुवाद्य यांच्यासाठी आहे. आमच्या हौशी कोरसमध्ये गायलेय. उषेचं सूक्त गाताना श्वास पुरवणं हे काम आहे. होल्स्ट १९०५पासून मरेपर्यंत मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होता, बायकांचे आवाज त्याला कळणारच. उजवा हात दुखायचा म्हणून ‘प्लॅनेट्स’ची पानं लिहायला इतरांची मदत घ्यावी लागली. सुट्टीच्या दिवशी संगीतरचना करणारा मास्तर होता तो.

पायपेटी:
म्हणजे ‘प्लॅनेट्स’सुद्धा मास्तरांचंच की! आणि खर्जसाहेब, भारतीयपणाच शोधताय तर एक ऐका. त्या ग्रहांचा खगोलशास्त्राशी संबंध नाही, फलज्योतिषाशी आहे. हा गृहस्थ मित्रांच्या कुंडल्या मांडायचा. सात ग्रहांतला त्याचा सगळ्यात आवडता कोण? शनी, म्हातारपण घेऊन येणारा.

खर्ज:
शनी मान्य. पण ‘प्लॅनेट्स’मधल्या ‘गुरू’ ग्रहाच्या सुरावटीवर पुढे देशभक्तीचं गीत चढवलं, ते मात्र मी ऐकणार नाही.